पाषाणाची साक्ष : रायचूर दुआबातील जुन्या खाणींविषयी काही विचार



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शिकलो त्याच शाळेच्या व्यासपीठावरून, आणि ज्यांनी मला दगडाकडे पाहायला शिकवले त्या सरांच्या स्मरणार्थ, बोलण्याचा मान आपण मला दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. निमंत्रणाचे पत्र आले तेव्हा मी आठ दिवस उत्तर पाठवले नाही. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. प्रकृतीचे निमित्त सांगून मोकळे होता आले असते. परंतु अडचण प्रकृतीची नव्हती. ती कोणती होती हे आजच्या विषयाच्या ओघातच सांगावे लागेल, कारण ती आजच्या विषयाबाहेरची नाही.

विज्ञानाच्या खोलीतील काचेचे कपाट आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात खालून दुसऱ्या फळीवर, शिंपल्यांच्या डबीशेजारी, नारळाएवढा एक काळा दगड आहे. त्याची दोन्ही टोके ठेचून ठेचून खरबरीत झालेली आहेत आणि मधला भाग हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला आहे. दगडाखाली सरांच्या वळणदार अक्षरातील चिठ्ठी आहे : ‘दगडी हातोडा. हट्टी येथील जुन्या सोन्याच्या खाणीच्या तोंडाशी सापडला. १९५५.’ हा दगड मी आणला होता. त्या वेळी मी सातवीत होतो.

हट्टी हे गाव रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात आहे. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा दुआब १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे माझ्या पिढीच्या हैदराबादकरांना तो परका वाटत नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांची नेमणूक लिंगसुगूरला झाली होती. मी शिक्षणासाठी येथे मामांकडे राहत असे आणि सुटीत तिकडे जात असे. हट्टीच्या खाणीत त्या वेळी नव्याने काम सुरू झालेले होते; १९४७ साली स्थापन झालेली कंपनी ती चालवीत होती. आज कोलारच्या खाणी बंद होऊन (त्या २००१ साली बंद झाल्या) दोन तपांहून अधिक काळ लोटला, पण हट्टी चालूच आहे, आणि देशातील सोन्याचे खनिज काढणारी प्रमुख खाण म्हणून आज तिचेच नाव घेतले जाते.

परंतु या खाणीचे खरे नवल तिच्या आधुनिक कामात नाही. १८८६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीला निजाम सरकारने खनिजांचे हक्क दिले आणि पुढे तिच्या अभियंत्यांनी हट्टीच्या परिसरात काम सुरू केले, तेव्हा त्यांना पदोपदी एकच अनुभव आला : आपल्या आधी येथे कोणीतरी येऊन गेले आहे. जेथे गारगोटीच्या शिरेत सोने चांगले होते, तेथे ती शीर आधीच उपसलेली होती. हट्टीचे जुने खणकाम सुमारे ६४० फूट खोल गेलेले आढळले. आपल्या चारमिनारावर चारमिनार असे तीन चारमिनार त्या खड्ड्यात उभे केले, तरी सर्वांत वरच्याचे कळस जमिनीच्या खालीच राहतील. ना सुरुंगाची दारू, ना पाणी उपसण्याचे यंत्र, ना आत हवा खेळविण्याचे साधन. तरीही माणसे इतकी खोल उतरली.

ती कशी उतरली याचे उत्तर बरेचसे ठाऊक आहे. खडकाला लागून लाकडे रचून जाळ करायचा. खडक तापला की त्याला तडे जातात. वर पाणी मारले तर आणखी तडकतो. मग पहार, छिन्नी किंवा दगडाचा घण घेऊन ते तुकडे सोडवायचे. अशा रीतीने खणलेल्या भिंती सुरुंगाने फोडलेल्या भिंतीसारख्या धारदार नसतात. त्या गोलसर, वाळलेल्या विहिरीच्या पोटासारख्या दिसतात, आणि तळाशी कोळसा सापडतो. वर आणलेली गारगोटी ठेचून, वाटून, तिचे पीठ करायचे आणि ते पाण्यात धुवायचे. हलकी माती वाहून जाते, जड सोने तळाशी राहते. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोने काढणारे झारेकरी आपण ऐकून आहोत. धारवाडकडे नदीनाल्यांची वाळू धुणाऱ्या जालगारांचा उल्लेख रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केला आहे. तत्त्व एकच. फरक एवढाच की झारेकऱ्याला केर आयता मिळतो, आणि खाणकऱ्याला तो आधी कातळातून तयार करावा लागतो. टनभर गारगोटीत सोने असते ते काही ग्रॅम. त्या काही ग्रॅमसाठी टनभर दगडाचे पीठ करणारे हात कोणाचे होते, ते कोणत्याही शिलालेखाने सांगितलेले नाही. माझा तर्क असा की त्यांत बायकांचे हात पुष्कळ असावेत. पण हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पुरावा आहे तो दगडांचा. जुन्या खाणींच्या आसपास काळ्या कातळावर वाटीसारखे, उखळासारखे खळगे पडलेले दिसतात. शेजारी पाट्या-वरवंट्यासारखे दगड आणि ठेचण्याचे गोटे विखुरलेले असतात. आणि येथूनच आपला खरा प्रश्न सुरू होतो. ही सारी हत्यारे दगडाची आहेत. मग ही खाण पाषाणयुगातील म्हणायची काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा मोह अनेकांना पडला, आणि तो पडावा अशीच परिस्थिती होती. फूट हे भूशास्त्रज्ञ. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतात अश्मयुग होते हे सिद्ध झाले. पुढे रायचूर-बळ्ळारीच्या मुलुखात घासून गुळगुळीत केलेल्या, डोलेराइटच्या दगडी कुऱ्हाडी त्यांनी मोठ्या संख्येने गोळा केल्या. या कुऱ्हाडी नवाश्मयुगातील शेतकरी-गुराख्यांच्या. या लोकांच्या वस्त्या आणि सोन्याच्या शिरा पुष्कळदा एकाच मुलुखात येतात. १९३० च्या दशकात निजामाच्या राज्यातील खाणींचे जाणकार लिओनार्ड मन यांनी जुन्या खाणी आणि महापाषाणीय दफने यांचा एकत्र विचार मांडला. बळ्ळारी जिल्ह्यातील तेक्कलकोट येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३-६४ मध्ये उत्खनन केले, तेव्हा नवाश्मयुगीन वस्तीत सोन्याचे छोटे अलंकारही मिळाले. म्हणजे त्या लोकांना सोने ठाऊक होते. पण सोने ठाऊक असणे आणि कातळ फोडून खाण खणणे या एकच गोष्टी नव्हेत. ओढ्याच्या वाळूत चमकणारा कण उचलणाराही सोने जाणतो.

खाणीजवळ सापडलेली दगडी कुऱ्हाड खाणीचे वय का सांगू शकत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. एक तर ती कुऱ्हाड खाणीच्या आधी हजार वर्षे तेथे पडलेली असू शकते; माणूस तेथे झाड तोडायला आला असेल. दुसरे, ठेचण्याचे गोटे आणि उखळे लोखंड आले म्हणून नाहीशी होत नाहीत. लोखंड महाग, गोटा फुकट. मौर्यांच्या काळातील मजूर गारगोटी दगडानेच ठेचत असेल, आणि त्याच्यानंतर हजार वर्षांनी दुसरा कोणी त्याच दगडाने ठेचत असेल. आणि तिसरी अडचण सर्वांत वाईट. खाण वरून खाली जाते. सर्वांत जुने काम सर्वांत वर असते, आणि तेच पुढच्या खणणाऱ्यांच्या हातून नष्ट होते. मागाहून आलेल्या अभियंत्यांनी जुना गाळ आणि भराव उपसला, तेव्हा त्यातील वस्तूंची थरवार नोंद करणे हे त्यांचे काम नव्हते. त्यांना सोने हवे होते, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

त्यांच्यापैकी एकाने तर इतिहासावर मोठेच उपकार केले. १९१५ साली सी. बीडन नावाचे सोन्याच्या खाणींचे अभियंता मस्कीच्या परिसरात सोन्याचा माग काढीत हिंडत असता त्यांना एका खडकावर अक्षरे दिसली. तो अशोकाचा लेख निघाला. तोवर ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे अशोक हे विद्वानांनी अनुमानाने ठरविले होते. या लेखात अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेले होते. आधीच्याच वर्षी, १९१४ साली, गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली निजाम सरकारचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले होते, आणि त्या खात्याच्या ग्रंथमालेचा पहिला क्रमांक या लेखाला मिळाला. सोने शोधणाऱ्याला अशोक सापडला हा योगायोग खरा, पण तो निव्वळ योगायोग नसावा. ब्रह्मगिरीच्या लेखात सुवर्णगिरी येथील राजपुत्राचा उल्लेख येतो. हे सुवर्णगिरी नक्की कोठे याविषयी मतभेद आहेत. मस्की, कनकगिरी, जोन्नगिरी अशी नावे सुचविली गेली आहेत. परंतु मौर्यांचे लेख या सुवर्णधारी पट्ट्याच्या आसपास दाटीने आढळतात, हे नजरेआड करता येत नाही.

रेमंड ऑल्चिन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने याच दुआबातील पिकलीहाळ येथे १९५२ साली उत्खनन केले. पुढे १९६२ साली प्राचीन भारतातील सोन्याच्या खाणकामावर त्यांनी जो निबंध लिहिला तो मला अजूनही अनुकरणीय वाटतो, कारण त्यात हवे ते सिद्ध करण्याची घाई नाही. मोठ्या प्रमाणावरचे खोल खणकाम लोखंडाच्या हत्यारांनंतरचे, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत भरास आलेले, असा त्यांचा कल आहे. हट्टीच्या जुन्या खणकामात आधारासाठी लावलेले लाकूड मिळाले, त्याची कार्बन-१४ पद्धतीने तपासणी झाली, आणि ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचे ठरले. म्हणजे सातवाहनांचा काळ. हे त्या लाकडाचे वय आहे, संपूर्ण खाणीचे नव्हे. वरचे काम त्याहून जुने असू शकेल. पण ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ओलांडण्यासाठी दगड पुरत नाही. ज्या ठिकाणी लाकूड, कोळसा किंवा मडके जागेवर मिळाले, तेथेच बोलता येते. राजस्थानातील दरीबा येथे खोल खणकामातील लाकडांनी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाची साक्ष दिली. सर्बियातील रुद्ना ग्लावा येथे तांब्याच्या खाणीतील अरुंद विवरांत, मध्यभागी खाच पाडलेल्या दगडी घणांबरोबर, खाणकऱ्यांनी ठेवलेली मडकी जशीच्या तशी मिळाली, आणि त्या मडक्यांच्या घडणीवरून ती खाण सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची ठरली. तेथे घणाला वय मिळाले ते शेजारच्या मडक्यामुळे.

आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट स्थिती आहे. जोर्वे, नेवासे, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी तांबे वापरीत, पण गारगोटीच्या जातीच्या दगडाची पातीही रोज वापरीत. तांबे कोणत्या खाणीतून येई हे तेथील माती सांगत नाही. आणि दायमाबादचे प्रसिद्ध कांस्य हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ? १९७४ साली गावकऱ्यांना झाडाचे खोड खणताना ते मिळाले. साठ किलोंहून अधिक वजनाचा तो ऐवज आहे, आणि तरीही त्याच्या काळाविषयी विद्वानांनी शंका घेतल्या आहेत. का? ते बनावट आहेत म्हणून नव्हे. ते उत्खननात, थरात, शास्त्रज्ञाच्या डोळ्यांसमोर मिळाले नाहीत म्हणून. गावकऱ्यांनी खरे तेच सांगितले, जागा दाखविली, आणि त्यामुळेच पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊन बराच उलगडा झाला. मी हे मुद्दाम सांगतो आहे. त्या गावकऱ्यांनी जे केले ते मी केले नाही.

मी आणलेला दगड हट्टीच्या खाणीच्या तोंडाशी सापडलेला नाही.

वडिलांबरोबर मी हट्टीला गेलो होतो हे खरे. जुन्या खणकामाचे खड्डे मी कुंपणाबाहेरून पाहिले. जवळ जाऊ दिले नाही. सुटी संपत आली आणि सरांनी तर ‘येताना काहीतरी नोंद करण्यासारखे आणा’ असे बजावले होते. आम्ही लिंगसुगूरला ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या घरची म्हातारी, तिला आम्ही अज्जी म्हणत असू, परसात बसून चिंचोके फोडीत असे. तिच्या हातात हा दगड होता. मी मागितला, तिने दिला. ‘माझ्या सासूचा आहे,’ एवढे म्हणाली आणि दुसरा दगड उचलून कामाला लागली.

वर्गात सरांनी दगड हातात फिरवून पाहिला. त्यांचे डोळे चमकले. ‘कुठे मिळाला रे?’ त्यांनी विचारले. ‘अज्जीच्या परसात’ हे उत्तर त्या चमकलेल्या डोळ्यांपुढे मला फार दरिद्री वाटले. मी म्हणालो, ‘हट्टीला, सर. जुन्या खाणीच्या तोंडाशी.’ सरांनी तेवढ्याच गांभीर्याने चिठ्ठी लिहिली.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत सातवीच्या प्रत्येक वर्गाला तो दगड दाखविला गेला. आज सभागृहात बसलेल्या कित्येकांनी तो हातात घेतला असेल. मी उस्मानिया विद्यापीठात भूशास्त्र शिकलो, पुढे तेच महाविद्यालयात शिकविले, आणि विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत राहिलो की नमुना कोठे मिळाला हे लिहिले नसेल तर तो फेकून द्या. सरांना सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही. त्यांच्या अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, ‘तुझा तो दगड. तो खाणीच्या बाहेरच्या ढिगात होता की आत उतरतीवर? चिठ्ठीत लिहायचे राहून गेले.’ मी म्हणालो, ‘बाहेरच्या ढिगात, सर.’ त्यांनी मान हलविली. दुसऱ्यांदा खोटे बोललो त्या वेळी माझे वय पन्नाशीच्या घरात होते.

यात नुकसान काय झाले, असे कोणी विचारील. एका शाळेच्या कपाटातील एका दगडाने इतिहास बदलत नाही. मीही स्वतःची अशीच समजूत घालीत होतो. पण आजच्या व्याख्यानाची टिपणे काढताना मला प्रथमच नीट उमगले की गेले ते निराळेच. मी खरे सांगितले असते तर सरांनी पुढचा प्रश्न विचारला असता; ते सोडणारे नव्हते. ‘अज्जीच्या सासूला तो कोठून मिळाला, विचारून ये’ म्हणाले असते. ती कोणत्या गावची होती? तिच्या माहेरी दगड ठेचण्याचे, वाळू धुण्याचे काम होते काय? दगड शेतात मिळाला, ओढ्यात, की खरोखरच कोणी खाणीवरून आणला होता? १९५५ साली ही माहिती परसात, चिंचोके फोडीत बसलेली होती. तिला कोणी विचारले नाही, कारण माझ्या उत्तराने प्रश्नच संपवून टाकला होता. अज्जी १९६० च्या आत गेली. दगडाच्या टोकांवर जे ठेचल्याचे वण आहेत ते गारगोटीचे की चिंचोक्यांचे, हेही आज सांगणे अवघड आहे. बहुधा दोन पिढ्यांच्या चिंचोक्यांनी त्यांवर आणखी वण चढविले असतील. सोन्याशी त्याचा संबंध नसेलच असेही मी म्हणू शकत नाही. ते म्हणण्याचा हक्क मी घालविला आहे.

इंग्लंडमध्ये चेशर परगण्यात ऑल्डर्ली एज नावाची टेकडी आहे. तेथे १८७० च्या दशकात खाण मजुरांना जुन्या खणकामात खाच पाडलेले दगडी घण आणि त्यांच्याबरोबर ओक लाकडाचे एक फावडे मिळाले. ते फावडे फिरत फिरत गावच्या प्राथमिक शाळेत पोचले. अ‍ॅलन गार्नर हे पुढे नामवंत झालेले लेखक त्या शाळेत शिकत असता त्यांनी ते पाहिले होते. १९५३ साली त्यांना त्याचा अर्थ उमगला, ते शाळेत परत गेले आणि अडगळीतून ते मिळवून त्यांनी सांभाळले. काही जाणकारांनी ते क्षुल्लक ठरविले तरी त्यांनी टाकले नाही. अखेर १९९० च्या दशकात मँचेस्टरच्या वस्तुसंग्रहालयामार्फत त्याची कार्बन तपासणी झाली, तेव्हा ते इसवी सनापूर्वी सुमारे १७५० चे, म्हणजे ब्रिटनमधील कांस्ययुगातील, निघाले. त्या टेकडीवरील दगडी घण किती जुने याचा वाद त्याने बराचसा मिटविला. फावडे कोठे आणि कशाबरोबर मिळाले ते कोणीतरी त्याच वेळी खरे लिहून ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले. शाळेचे कपाट किती मोलाचे असू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते वाचल्यापासून आपल्या कपाटासमोरून जाणे मला अवघड झाले.

आपण मला येथे बोलाविलेत ते सरांचा विद्यार्थी म्हणून. त्यांच्या अक्षरातील चिठ्ठी फाडावी असे मी म्हणणार नाही. तीही आता एक नोंद आहे, त्यांनी विश्वास ठेवला याची. ती तेथेच राहू द्यावी. तिच्याखाली दुसरी चिठ्ठी ठेवण्याची परवानगी मात्र मी अध्यक्षांकडे मागतो. ती मी लिहून आणली आहे, वाचून दाखवितो :

‘ठेचण्याचा दगड, डोलेराइट. लिंगसुगूर, जिल्हा रायचूर, येथील एका घराच्या परसात १९५५ साली वापरात होता. वापर : चिंचोके फोडणे. वापरणाऱ्या वृद्धेने तो आपल्या सासूचा असल्याचे सांगितले. त्याआधीचे ठिकाण विचारण्यात आले नाही. वरील चिठ्ठीतील स्थळ आणणाऱ्या विद्यार्थ्याने खोटे सांगितले होते.’

खाली माझी सही आणि आजची तारीख आहे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते असे मला सांगण्यात आले आहे. चहापानाच्या आधी पाच मिनिटे ती मिळाली तर बरे होईल.